पोटाचा प्रश्न

"ताई, दोन कैऱ्या घेऊन जावा. ह्या दिवसांत आंबट खावंसं वाटतं."

भाजीवाल्या मावशींनी असं म्हणून पिशवीत कैऱ्या टाकल्यासुद्धा. पैसेही घेतले नाहीत. मी नुसती हसले. 'ह्या दिवसांत' म्हणजे एप्रिलमध्ये, असंच मला वाटलं होतं. रस्ता अर्धा ओलांडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मावशी डोहाळ्यांबद्दल बोलत होत्या! ही गोष्ट २०२३ ची. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलेली होती.

घरी आले, पिशवी ओट्यावर टाकली आणि आरशासमोर बाजूने उभी राहिले. मावशींची काही चूक नव्हती. हातपाय सडसडीत, चेहरा बारीक आणि मध्येच हे पोट. दोन सिझेरियन झालेली. शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते, गोडाधोडाची फारशी आवड नाही. तरी पोट आपलं पुढे. सासूबाईंचं एक ठरलेलं उत्तर होतं, "बाळंतपणात पोट नीट बांधून घेतलं नाहीस, त्याचं हे." खरं तर जुन्या धोतराने दहा दिवस घट्ट बांधलं होतं. मग टाके दुखायला लागले आणि दिलं धोतर भिरकावून. त्या धोतराची आठवण मला सतरा वर्षं ऐकवली जात होती.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत पत्रक पडलं. 'ना सुरी, ना टाके! जेवणाच्या सुट्टीत या आणि पोट विसरून जा!' एरवी असली पत्रकं मी डब्याखाली अंथरते. हे जपून ठेवलं.

मोठ्या जाऊबाईंना बरोबर घेतलं. त्यांचाही एक हिशेब होता. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरमाय म्हणून मिरवताना ब्लाउजखाली कमरेच्या दोन्ही बाजूंना जी वळकटी दिसते, ती त्यांना नको होती. 'वळकटी' हा त्यांचाच शब्द.

क्लिनिक चकचकीत. एसी, मंद सुगंध, लिंबूपाणी. पांढऱ्या कोटातली गोड मुलगी होती, ती डॉक्टर नव्हती, 'काउन्सेलर' होती. तिने टेपने पोट मोजलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं फॅट अगदी फ्रीझ करण्यासारखं आहे." पोटाच्या चार जागा, प्रत्येक जागेची दोन सिटिंग्ज, एका सिटिंगचे वीस हजार. कॅल्क्युलेटरवर १,६०,००० आले. "पण आज बुकिंग केलंत तर १,२०,०००. आणि इंचलॉसची दहा सेशन्स फ्री." मी विचारलं, डॉक्टर कधी बघतील? "डॉक्टर आहेत ना मॅडम, शनिवारी येतात."

खोटं कशाला सांगू, मी बुकिंगचे पाच हजार काढायला पर्स उघडली होती. जाऊबाईंनी टेबलाखालून माझं मनगट धरलं. त्या सत्तावीस वर्षं बँकेत, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मंजू, आम्ही दुचाकीचं कर्ज देतानासुद्धा माणसाचे कागद बघतो गं. हिने तर तुझं पोटही नीट बघितलं नाही."

मग त्यांनीच बँकेतल्या एका मैत्रिणीकडून एका प्लास्टिक सर्जनचं नाव मिळवलं. गाडी चालवायला म्हणून माझा नवरा बरोबर आला. "उगाच कापाकापी करून घेऊ नका, बघून या फक्त," हे वाक्य त्याने कोथरूडपासून डेक्कनपर्यंत तीनदा म्हटलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "तुमच्या माहेरी नवारीची खाट होती का?"

होती. अंगणात असायची. उन्हाळ्यात आम्ही भावंडं त्यावर झोपण्यासाठी भांडायचो.

"मग सोपं आहे. त्वचा म्हणजे गादीची खोळ. चरबी म्हणजे आतला कापूस. आणि स्नायू म्हणजे खालची नवार. पोट सुटलं म्हणून आलेल्या प्रत्येकीचं यातलं नेमकं काय बिघडलंय, ते आधी बघायचं. मशीन की ऑपरेशन, हा प्रश्न नंतरचा."

मला उभं राहून पुढे वाकायला सांगितलं. पोटाची त्वचा रिकाम्या पिशवीसारखी खाली लोंबली. त्यांनी ती चिमटीत धरून बघितली. बेंबीखाली थोडाफार कापूस, बाकी नुसतीच खोळ. मग उताणं झोपवलं आणि हात न टेकता फक्त मान उचलायला सांगितली. तेव्हा पोटाच्या मधोमध, छातीपासून बेंबीपर्यंत, एक लांबट फुगवटा वर आला. तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्या फटीत डॉक्टरांची चार बोटं आडवी बसली. गरोदरपणात पोटाच्या स्नायूंचे दोन उभे पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. माझी नवार सैल पडली होती. आणि "आता खोका बघू" म्हटल्यावर बेंबीपाशी सुपारीएवढं मऊ काहीतरी बोटाला लागलं. तो होता हर्निया.

"हे आधी कुणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं. सांगणार कोण? त्या क्लिनिकमध्ये माझ्या पोटाला टेप लागली होती, हात लागला नव्हता.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून ते गोठवण्याचं प्रकरण काय आहे ते सांगते, कारण पत्रकात ते कधीच नीट सांगत नाहीत. त्याला क्रायोलायपोलिसिस म्हणतात. लहान मुलं बर्फाची कांडी गालात धरून चोखत बसली की कधीकधी त्यांच्या गालातली चरबी दुखावते आणि तिथे खळगा पडतो, असं डॉक्टरांनी १९७० मध्येच नोंदवलं होतं. म्हणजे जी थंडी त्वचा सोसते, ती चरबीच्या पेशींना सोसत नाही. हाच धागा पकडून अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न असलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डिटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी तंत्र विकसित केलं आणि २०१० मध्ये तिथल्या एफडीएने कमरेच्या बाजूंसाठी, २०१२ मध्ये पोटासाठी त्याला मान्यता दिली. यंत्राचा पेला चरबीची वळी आत ओढून घेतो आणि पाऊण-एक तास थंड करतो. पेशी तिथल्या तिथे नाहीशा होत नाहीत. त्या मरतात आणि शरीर दोन-तीन महिन्यांत हळूहळू त्यांचा निकाल लावतं. त्या जागेच्या चरबीचा थर साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी होतो. वीस ते पंचवीस! म्हणजे चार सेंटिमीटरची वळी असेल तर ती तीनची होणार. 'पोट विसरून जा' यातलं नाही.

आणि ते फक्त कापूस कमी करतं. खोळ कापून बसती करत नाही, नवार तर अजिबातच ताणत नाही. वर हर्निया असलेल्या जागी हे ओढून घेणारं यंत्र लावायचंच नसतं. म्हणजे त्या दिवशी पाच हजार भरले असते तर उरलेले एक लाख पंधरा हजारही पाठोपाठ गेले असते, पोट होतं तसंच राहिलं असतं आणि हर्नियाचं काय झालं असतं ते देव जाणे.

हल्ली आणखीही यंत्रं निघाली आहेत. कुणी लेसरने चरबी तापवतं, कुणी रेडिओ लहरींनी, कुणी ध्वनिलहरींनी. एक यंत्र विद्युतचुंबकीय झटक्यांनी स्नायूंचा व्यायाम करवून घेतं. नावं मोठमोठी आहेत, पण प्रश्न तोच विचारायचा, की हे खोळीसाठी आहे, कापसासाठी आहे की नवारीसाठी? चरबी विरघळवणारं इंजेक्शनही आहे, पण त्यातल्या डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, पोटासाठी नव्हे. आणि ते फुकटचं 'इंचलॉस', पट्टे गुंडाळून घाम काढण्याचं? डॉक्टर म्हणाले, "पाणी जातं. घरी जाऊन दोन पेले प्यालात की परत येतं."

जाऊबाईंचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. त्यांची त्वचा छान घट्ट, स्नायू जागच्या जागी, वजन तीन-चार वर्षं तेवढंच. फक्त कमरेला दोन गुबगुबीत वळ्या, चिमटीत व्यवस्थित येणाऱ्या. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापुढे दोन्ही रस्ते मोकळे आहेत. लायपोसक्शन केलंत तर एकदाच, जास्त चरबी निघेल, आकार मला ठरवता येईल. पण ते ऑपरेशन आहे. मशीनने थोडंच होईल, सावकाश होईल, पण दुसऱ्या दिवशी बँकेत जाल."

लायपोसक्शनबद्दल आपल्याकडे एक तर फार भीती असते, नाहीतर फारच विश्वास. फ्रान्समधल्या इलूझ या सर्जनने १९७७ मध्ये एका अभिनेत्रीच्या पाठीवरची चरबीची गाठ मोठा व्रण न ठेवता बोथट नळीने ओढून काढली, तिथून हे तंत्र पसरलं. सुरुवातीला रक्तस्राव बराच व्हायचा. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने चरबीत आधी भूल आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळलेलं भरपूर सलाइन सोडायचं, मग चरबी ओढायची, अशी पद्धत आणली आणि धोका बराच कमी झाला. कमी झाला, संपला नाही. बंगळुरूतली एकवीस वर्षांची कन्नड टीव्ही अभिनेत्री चेतना राज मे २०२२ मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली, ती बातमी आम्हा दोघींनाही आठवत होती. जाऊबाईंनी तिथेच विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे आयसीयू आहे का? भूल कोण देणार?" डॉक्टरांना राग आला नाही. उलट म्हणाले, हे प्रत्येकीने विचारायला हवं. पूर्ण वेळचे भूलतज्ज्ञ, नीट ऑपरेशन थिएटर, गरज पडली तर हाताशी आयसीयू आणि करणाऱ्याची पदवी. एम.बी.बी.एस., एम.एस. आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीतलं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजायचं नाही. भिंतीवर चार-पाच फ्रेमा असल्या म्हणजे झालं असं नसतं, त्यातली एखादी आठवड्याच्या शिबिराचीही असू शकते.

जाऊबाईंनी मशीन निवलं. भुलीची भीती आणि रजेचा प्रश्न. मी मात्र तोवर लिंडा इव्हॅन्जेलिस्टाची गोष्ट वाचून आले होते. ही नव्वदच्या दशकातली जगप्रसिद्ध मॉडेल. तिने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, की चरबी गोठवून घेतल्यावर तिची चरबी कमी व्हायच्या ऐवजी त्या त्या जागी वाढून टणक झाली. तिने कंपनीवर दावा लावला आणि २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. हे मी जाऊबाईंना सांगितलं आणि त्याच गोठल्या! डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी काही लपवलं नाही. असं क्वचित होतं, पण होतं. पुरुषांमध्ये अधिक आढळलं आहे. आणि झालंच तर ते आपोआप जात नाही, शेवटी लायपोसक्शन किंवा दुसरी शस्त्रक्रियाच करावी लागते. "म्हणजे ऑपरेशन टाळायला मशीन आणि मशीन बिघडलं तर ऑपरेशन," जाऊबाई म्हणाल्या. दोन दिवस विचार केला आणि तरीही मशीनच घेतलं. लग्न फेब्रुवारीत म्हणून पहिलं सिटिंग ऑगस्टमध्ये, दुसरं ऑक्टोबरमध्ये. परिणाम दिसायला तीन महिने धरावे लागतात, हे त्यांनी डायरीत उलट मोजून लिहिलं. लग्नाच्या आदल्या महिन्यात धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मशीनचा पेला काढल्यावर ती जागा लोण्याच्या पेढीसारखी दिसते, गार आणि कडक. डॉक्टर ती चोळून मऊ करतात, ते दुखतं. मग जांभळेपणा, बधिरपणा, तीन आठवडे मधूनच सुया टोचल्यासारखं. जानेवारीत आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. फोटो नसते तर त्यांनाही पटलं नसतं. लग्नात एकाही बाईने "बारीक झालात" म्हटलं नाही. पण ब्लाउजखालची ती घडी गेली होती आणि जाऊबाईंना तेवढंच हवं होतं. "होल्डॉल होता, त्याची चादर झाली," असं म्हणतात.

माझ्या नवऱ्याचं राहिलंच. त्या पहिल्या दिवशी आम्ही उठायला लागलो तसा तो खुर्चीतूनच हळूच म्हणाला, "डॉक्टर, आलोच आहे तर... माझंही बघता का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोटं दाबली. माठासारखं टणक. चिमटीत जेमतेम इंचभर आलं. "तुमची चरबी खोळीत नाहीच," ते म्हणाले, "ती नवारीच्याही खाली आहे, आतड्यांभोवती. तिथे माझी नळी जात नाही, कुणाचंही मशीन पोचत नाही."

मग त्यांनी आपल्या पुण्याचंच उदाहरण दिलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक दिसतो आणि आत साठवतो, ते असं. म्हणून आपल्याकडे पुरुषांची कंबर नव्वद आणि बायकांची ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. बाहेरची चरबी ओढून काढल्याने आतलं दुखणं बरं होत नाही, हेही त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची कित्येक किलो चरबी लायपोसक्शनने काढली आणि तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्सुलिन, साखर, रक्तदाब, कशातच सुधारणा नव्हती. नवऱ्याची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता तो रोज पहाटे वेताळ टेकडी चढतो आणि येताना आम्हाला उठवतो. आमच्या तिघांत सगळ्यात स्वस्तातला आणि सगळ्यात कष्टाचा उपाय त्याच्या वाट्याला आला.

माझ्यापुढे प्रश्न मोठा होता. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही. "आधी फिजिओथेरपिस्टकडे तीन महिने जा. वजन चार-पाच किलो उतरवा आणि ते सहा महिने तिथेच टिकवून दाखवा. आणखी मूल नकोय ना? नक्की? मिश्री, तंबाखू, सिगारेट काही?" मी हसले, तर म्हणाले, "हसू नका. शिकलेल्या घरातल्या बायकाही मिश्री लावतात आणि सांगत नाहीत. निकोटिनने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो, टाके उसवतात, कातडी काळी पडते."

व्यायामाने कंबरदुखी बरीच कमी झाली. फट चार बोटांवरून तीनवर आली. पण खोळ सैल ती सैलच आणि हर्निया होता तिथेच. मग टमी टकचं ठरलं. ओटीपोटावर, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन स्नायूंचे पट्टे मध्ये आणून शिवायचे, हर्निया त्याच वेळी दुरुस्त करायचा, जास्तीची त्वचा कापून टाकायची आणि बेंबीला नवीन जागा करून द्यायची. खर्च अडीच लाखांच्या आसपास. कॉस्मेटिक ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेम देत नाही.

पैशापेक्षा जड गेलं ते घरात सांगणं. सासूबाई दोन दिवस बोलल्याच नाहीत. माझी आई फोनवर म्हणाली, "देवाने दिलेलं शरीर आहे, कुणाला दाखवायचंय तुला?" याचं उत्तर माझ्याकडे आजही धड नाही. हर्नियाचं कारण पुढे केलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. तसं मी शाळेत सांगितलंही. पण नुसता हर्निया लहानशा ऑपरेशनने भागला असता. उरलेलं मला हवं होतं म्हणून होतं. बसमध्ये कॉलेजची मुलगी उठून जागा द्यायची ते नको होतं. पदर सतत पुढे ओढायची सवय नको होती. नवऱ्याने एका रात्री विचारलं, "माझ्यासाठी करत नाहीयेस ना?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग कर.

मे २०२४ ची सुट्टी गाठली. तीन तासांचं ऑपरेशन. शुद्धीवर आले तेव्हा पोटावरून ट्रक गेल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजूंना नळ्या, त्यांना पिशव्या, त्यात लालसर पाणी. त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते आणि या ऑपरेशनमधली सगळ्यात मोठी भीती तीच. दहा दिवस कमरेत वाकूनच चालले. ताठ झालं की टाके ताणायचे. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस," आणि गरम पाण्याची बादली स्वतः उचलून बाथरूममध्ये नेऊन ठेवली. सहा आठवडे कुकर उचलायचा नाही, गादी झटकायची नाही आणि पुण्यातल्या मे महिन्यात रात्रंदिवस तो घट्ट पट्टा. घामोळ्यांनी जीव नकोसा झाला. पट्टा पहिल्यांदा बांधताना सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते धोतर स्पष्ट दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात पोट एका बाजूला डचमळायला लागलं. आत पाणी साठलं होतं. सिरिंजने दोनदा काढावं लागलं. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले. कुणी सांगितलं होतं हे करायला, असं झालं.

आता पोट सपाट आहे. मॉडेलसारखं नाही, माणसासारखं. व्रण निऱ्यांच्या खाली लपतो, वर्षभरात लाल रेघेची फिकट रेघ झाली. बेंबीखालचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, तिथे हात ठेवला तर दुसऱ्या कुणाच्या पोटावर ठेवल्यासारखं वाटतं. कंबर दुखत नाही. आणि वजनाच्या काट्यावर फरक किती? जेमतेम एक किलो. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी २०२५ मध्ये ती वजन उतरवण्याची इंजेक्शनं घेतली, सतरा किलो कमी झाल्या. त्यांच्या दंडांची आणि पोटाची खोळ आता सैल झाली आहे आणि त्या मला मधल्या सुट्टीत गाठून नळ्यांबद्दल विचारतात. मी पाणी साठल्याचंही सांगते. ते ऐकलं की दोन आठवडे पुन्हा विचारत नाहीत.

पण खरी पंचाईत वेगळीच झाली. मुलगी आता कॉलेजात गेली आहे. मागच्या महिन्यात जेवताना तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मांड्यांची चरबी गोठवण्याची जाहिरात, विद्यार्थिनींना सवलत. तिचं वजन एकावन्न किलो आहे. मी म्हटलं, "तुला कशाला हवंय गं हे?"

"तुला कशाला हवं होतं?"

माझ्याकडे हर्निया होता, फट होती, दोन बाळंतपणं होती. हे सगळं मी सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू त्या कैऱ्यांची गोष्ट सगळ्यांना सांगतेस. हर्नियाची नाही सांगत."

तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, चिमटीत धरायला काही सापडेना. तिच्याशी एकटीशी अर्धा तास बोलले, मला बाहेर बसवून. मग म्हणाले, हिला मी मशीनही लावणार नाही आणि हात तर नाहीच नाही. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव लिहून दिलं. "रागावू नका तिच्यावर. आरशात तिला जे दिसतं, ते तिला खरंच दिसतं."

पहिल्या भेटीला ती गेली. दुसरीला डोकं दुखतंय म्हणाली. परवा तिची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली पत्रक सापडलं, दुसऱ्याच कुठल्याशा क्लिनिकचं, मागे पेनाने तिचं वजन तारखांसकट लिहिलेलं. मी ते होतं तसंच परत ठेवलं. बाईंची पुढची वेळ गुरुवारी साडेपाचची आहे. मी अर्धी रजा टाकली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.